सदतीस नंबरचं झुडूप

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नोबुए कुरामोची आपल्या हासकापच्या मळ्यात फळं तोडायला शिरली, पहिल्या ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. मग तिनं दुसरी ओळ धरली. गुडघ्यांवर बसून फांद्या वर उचलल्या, पानं बाजूला सारून पाहिलं. दोनशे वीस झुडपं, कमरेएवढी वाढलेली, हिरवीगार, एका पानाला कीड नाही. आणि फळ म्हणाल तर सगळ्या मळ्यात मिळून मूठभरही नव्हतं.

महिन्यापूर्वीच ही झुडपं फिकट पिवळ्या फुलांनी लगडली होती. जोडीजोडीनं लटकणारी घंटेसारखी फुलं, आणि त्यांच्यावर भुंग्यांचा असा घोंघाट की तिचा नवरा किन्जी बांधावर उभा राहून म्हणाला होता, "बंदरावरचं मशीन चालूच ठेवून आलो की काय मी?" तेव्हा नोबुएनं पेट्यासुद्धा मागवून ठेवल्या होत्या. आता त्या पेट्या गोठ्यात एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नदीचा पूल ओलांडून ती घरी आली. अंगणात लाकडांच्या खोपीशेजारी तिची सासू तोयो अॅल्युमिनियमचं घमेलं मांडीशी घेऊन बसली होती आणि सदतीस नंबरच्या झुडपावरून फळं काढत होती. निळीकाळी, पांढुरकी झाक असलेली, करंगळीच्या पेराएवढी फळं. फांद्या नुसत्या वाकल्या होत्या.

"आई, हे कसं हो?" नोबुए दारातच उभी राहिली.

"हाताने," तोयो म्हणाली. "तुला काय वाटलं, पायाने काढते?"

"थट्टा नको. मळ्यात एक फळ नाही. याच झाडाची पोरं आहेत ती सगळी. याच्याच फांद्या लावल्या मी. आणि आईला फळ नि पोरांना नाही?"

तोयोनं घमेल्यातून एक पान वेचून बाहेर टाकलं. "मला नको विचारू बाई. मी शिकलेली नाही. वही तुझ्याकडे आहे."

वहीचा हा टोमणा जुना होता.

सात वर्षांपूर्वी, एकोणीसशे सत्याहत्तरच्या शरदात, किन्जीनं पहिल्यांदा ट्रकभर झुडपं आणली. तो तोमाकोमाईच्या नव्या बंदरावर बुलडोझर चालवायचा. युफुत्सुची दलदल सपाट करायचं काम होतं, आणि त्या दलदलीत हासकाप माजलं होतं. पंचक्रोशीतल्या बायका जुलै आला की तिथं घमेली घेऊन जायच्या. तोयो तर अकरा वर्षांची असल्यापासून जात होती. किन्जीला आपल्याच मशीनखाली ती झुडपं चिरडताना बघवेना. सुट्टीच्या दिवशी त्यानं मुळांसकट एकशे चाळीस उपटून आणली. भात कमी करा असा सरकारी हुकूम आल्यामुळे नदीपलीकडचं एक खाचर तसंही पडीक होतं. तिथं ती लावली.

लावल्यावर कळलं की दोन झुडपं एकसारखी नाहीत. एकाचं फळ लांबुळकं, एकाचं तांदळाच्या पोत्यासारखं बुटकं. एक गोड, एक आंबट, आणि एक असं कडू की जीभ खरवडून काढावी. नोबुएनं प्रत्येकाला लाकडी पट्टीवर नंबर दिला आणि दोन उन्हाळे ती चाखत हिंडली. चाखायचं आणि वहीत लिहायचं. पण पंधरा झुडपं झाली की जीभ बधिर व्हायची, दात निळे पडायचे, आणि आज ज्यापुढे 'गोड' लिहिलं त्यापुढे परवा 'कडवट' लिहावं लागायचं. पाऊस पडून गेला की सगळीच पाणचट. चार दिवस ऊन लागलं की सगळीच बरी. वहीत इतकी खाडाखोड झाली की किन्जी म्हणाला, "यापेक्षा चिठ्ठ्या टाक."

तोयोची तऱ्हा आणखी वेगळी. तिला गोड नकोच होतं. ती फळं मिठात घालायची आणि वर्षभर भाताच्या गोळ्यात भरायची. अठ्ठ्याण्णव नंबरचं कडू झुडूप चाखून ती म्हणाली, "हे खरं हासकाप. मिठात टाकलं तरी मोडत नाही."

"आई, हे तर औषध आहे!"

"मग? तुझ्या सासऱ्यांना चाळीस वर्षं हेच औषध दिलं. सर्दीसुद्धा झाली नाही त्यांना."

शेवटी निवड झाली ती तोमाकोमाईच्या एका मिठाईवाल्यामुळे. त्याला मिठाईत भरायला हासकापचा मुरंबा हवा होता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, "ताई, सगळी एकसारखी पाहिजेत. एक पेटी गोड आणि दुसरी कडू असं मला चालायचं नाही." नोबुएनं वही चार वेळा वाचली. सदतीस नंबरसमोर 'कडू' हा शब्द एकदाही आला नव्हता. फळही मोठं. तिनं जुलैमध्ये त्याच्या कोवळ्या फांद्या कापून वाळूच्या खोक्यांत रोवल्या. शंभरातल्या नव्वद रुजल्या. पुढच्या वर्षी आणखी रोवल्या. आणि एका सकाळी किन्जीनं मशीन आणून खाचरातली सगळी जुनी झुडपं काढून टाकली, त्यांच्या जागी ही रोपं लावायला. सदतीस नंबर तेवढं नोबुएनं अंगणात आणलं, आईसारखं जपायला. तोयो बांधावर उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "माझं एक ठेव." म्हणून अठ्ठ्याण्णव नंबरही अंगणात आलं, सदतीसच्या शेजारी.

आता चार वर्षांनी ती मळ्यात रिकाम्या फांद्या मोजत होती.

किन्जी म्हणाला, फुलांवर दंव गोठलं असेल. पण हासकापचं फूल बर्फातही टिकतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कृषी कार्यालयातून एक माणूस आला. त्यानं माती पिशवीत भरून नेली आणि पंधरा दिवसांनी कळवलं की माती उत्तम आहे. पुढे लिहिलं होतं, 'झाडं तरुण आहेत, धीर धरा.' नोबुएला ते पत्र वाचून आणखीच चीड आली. तरुण आहेत तर फुलली कशाला?

मग तिच्या डोक्यात आलं की गुपित अंगणातच असणार. तोयो तांदळाचं धुवण रोज खोपीजवळ ओतायची. नोबुएनं दुसऱ्या दिवसापासून धुवण बादलीत साठवून मळ्यात न्यायला सुरुवात केली. दोनशे वीस झुडपं आणि एका घरचं धुवण! एका झुडपाच्या वाट्याला पेलाभर येईना. मग तिनं अंगणातली माती टोपल्यांनी वाहिली. शेजारच्या बायका पुलावर थांबून बघायच्या. "नोबुएबाई, घर हलवताय का नदीपलीकडे?" एकीनं विचारलंच.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती सासूवर नजर ठेवू लागली. तोयो झुडपांपाशी जायची, उकिडवी बसायची, ओठ हलवायची. एकदा नोबुएला राहवलं नाही.

"आई, तुम्ही झाडाशी काय बोलता?"

"शिव्या देते."

"कशाला?"

"माझं माझ्यापाशी." तोयो गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुला काय वाटतं, मी जादू करते? मला येत असती तर आधी हे गुडघे नसते बरे केले?"

नोबुए खजील झाली, पण संशय गेला नाही. सासूचा मळ्यावर राग होता, हे तिला ठाऊक होतं. राग फुलं गाळतो का? गाळत नाही. पण मग काय गाळतं? रात्री जेवताना ती एकदम थांबायची आणि किन्जीला विचारायची, "माती तीच, पाणी तेच, झाड तेच. मग काय वेगळं आहे?" किन्जी भात चावत म्हणायचा, "तूच सांग, तुझी वही आहे."

शरदात तिनं ठरवलं की सदतीस नंबरलाच मळ्यात न्यायचं. तिथं त्याला फळ आलं तर दोष पोरांचा, नाही आलं तर जागेचा. एवढा तरी उलगडा होईल. मुळांभोवती मातीचा मोठा गड्डा ठेवून किन्जीनं ते उचललं आणि मळ्याच्या मधोमध लावलं. तोयोनं विरोध केला नाही. "ने बाई. तुझंच आहे ते," एवढं म्हणून ती आत गेली.

पुढच्या जूनमध्ये सदतीस नंबरवर सहा फळं आली. फांद्या वाकवणारं ते झुडूप, आणि सहा फळं. चला, म्हणजे दोष जागेचा, असं नोबुएनं स्वतःशी म्हटलं आणि घरी आली. तोयो खोपीजवळ उभी होती. घमेलं रिकामं होतं.

"माझ्या झाडाला काय केलंस?"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही."

"मग हे काय?" तोयोनं अठ्ठ्याण्णव नंबरच्या फांद्या उलगडून दाखवल्या. पानं, नुसती पानं. "साठ वर्षांत माझी बरणी रिकामी राहिली नाही. लढाईच्या काळात मीठ मिळत नव्हतं, तरी फळ होतं. तू जागा खराब आहे म्हणतेस. मग माझी जागा कुणी खराब केली?"

नोबुए खोपीच्या पायरीवर बसली. तिनं नुकतंच सोडवलेलं गणित पुन्हा सगळं विस्कटलं होतं. अंगणातली जागा चांगली होती, हे तर तिच्या विचाराचं मूळ होतं. आता चांगल्या जागेतलं झाडही वांझ झालं. तिला वाटलं, आपण काहीतरी अगदी डोळ्यांसमोरचं पाहत नाही आहोत, आणि जितकं रोखून बघावं तितकं ते धूसर होतं आहे. तिला रडू आलं. तोयो तिच्या शेजारी बसली.

"मी शिव्या तुला देत होते," ती म्हणाली. "झाडाला नाही. पण त्यालाही वर्ष झालं. माझ्या शिव्यांत एवढी ताकद नाही गं."

"ते माहीत आहे मला."

"मग रडतेस कशाला?"

"समजत नाही म्हणून."

"मला तरी कुठं समजतंय," तोयो म्हणाली.

ऑगस्टमध्ये किन्जीनं कामावरच्या एका सोबत्याला जेवायला आणलं. सोएजिमा त्याचं नाव. योइची गावाकडचा, सफरचंदवाल्यांच्या घरातला धाकटा मुलगा; बाग थोरल्या भावाकडे गेली म्हणून हा बंदरावर आला होता. लोखंडी तव्यावर मेंढीचं मटण आणि कोबी भाजत होते. सोएजिमानं भाताचा गोळा फोडला, आत बघितलं आणि म्हणाला, "मावशी, यंदा नुसताच भात? किन्जी तर रोज तुमच्या खारवलेल्या हासकापची फुशारकी मारतो."

तोयोनं सुनेकडे हनुवटीनं खूण केली. "तिला विचार."

नोबुएनं सगळं सांगितलं. धुवण, टोपल्या, सहा फळं, सगळं. सोएजिमा मटण उलटायचं विसरला.

"वहिनी, मळ्यात जाती किती आहेत?"

"एकच. सदतीस नंबर."

"म्हणजे सगळी एकाच झाडाची कलमं?"

"हो तर. निवडून घेतलेली."

"अहो, मग फळ धरेल कसं?" तो हसला आणि लगेच गप्प झाला, कारण कुणी हसलं नव्हतं. "आमच्याकडे सफरचंदाच्या बागेत दर काही झाडांमागे एक वेगळ्या जातीचं लावतात. एकाच जातीचा पराग त्या जातीला चालत नाही. कलम म्हणजे पोर नव्हे वहिनी, तेच झाड पुन्हा. दोनशे वीस नाहीत, तुमच्याकडे एकच झाड आहे."

तव्यावरचं मटण करपायला लागलं. किन्जीनं ते ओढून बाजूला केलं.

"पण ही सफरचंदं नाहीत," नोबुए म्हणाली.

"ते खरं. हासकापचं मला ठाऊक नाही. मी आपलं सफरचंदाचं सांगितलं."

म्हणजे पुन्हा अधांतरीच. नोबुए त्या हिवाळ्यात स्टोव्हजवळ बसून हेच घोकत राहिली. सोएजिमाचं खरं मानलं, तर अंगणातलं कोडं सुटत होतं: सदतीस आणि अठ्ठ्याण्णव, दोघं शेजारी होती तोवर दोघांना फळ. पण तसं असेल तर सगळ्यांत गोड झुडपाला सगळ्यांत कडू झुडूप लागतं, हे तिच्या गळी उतरेना. आणि लागत असेल, तर कडूचा पराग लागून गोडाची फळंही कडू होतील की काय? मिठाईवाल्याला काय सांगायचं? ती एकदा हो म्हणायची, एकदा नाही. किन्जीनं शेवटी हात टेकले. "वसंतात बघ आणि काय ते ठरव. बर्फात कोणतंही झाड उत्तर देत नाही."

मे महिन्यात फुलं आली तेव्हा अठ्ठ्याण्णव नंबर मळ्यात हलवायला उशीर झाला होता. फुललेलं झुडूप उपटलं तर जगलं नसतं. नोबुए सासूपुढे जाऊन उभी राहिली. शब्द जुळवताना तिची त्रेधा उडाली.

"आई, तुमच्या झाडाच्या फांद्या... फुलांसकट... कापून पाण्यात ठेवल्या तर मळ्यात दोन-चार दिवस टिकतील. भुंगे त्यावर बसून मग..."

"किती फांद्या?"

"बऱ्याच."

"म्हणजे सगळ्या."

तोयो खोपीत गेली. नोबुएला वाटलं, संपलं. पण म्हातारी कात्री घेऊन बाहेर आली आणि स्वतःच कापायला बसली. एक एक फांदी बेतून, बुंध्याशी दोन डोळे राखून. नऊ बादल्या भरल्या. त्या हातगाडीवर घालून दोघींनी पुलापलीकडे नेल्या आणि मळ्यात इकडे तिकडे ठेवल्या. शेजारणी पुन्हा थांबल्या. "आज काय, फुलांचं दुकान?"

"हो," तोयो म्हणाली. "तुला परवडायचं नाही."

पाच दिवसांनी फांद्या सुकल्या. जूनच्या मध्यावर नोबुए मळ्यात गेली तेव्हा पहिल्या ओळीत काहीच नव्हतं. तिसऱ्या ओळीत बादली होती तिथं ती थांबली. बादलीच्या शेजारच्या झुडपाला फळ होतं. पुष्कळ होतं. त्याच्या पलीकडच्यालाही होतं. चौथ्याला थोडं, सहाव्याला नाही. ती पुढच्या बादलीपाशी धावली. तिथंही तेच. मळ्यात नऊ बादल्यांभोवती नऊ गोल घेरे पडले होते, आणि घेऱ्यांच्या बाहेर नुसती पानं. ती मधोमध उभी राहून भोवती फिरून बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. तिला उलट त्या टोपल्याच आठवल्या. दोन वर्षं ती माती वाहत होती.

तिनं तोयोला आणलं. फळं अजून पुरती पिकली नव्हती, पण एक निळं झालेलं मिळालं. तिनं ते सासूच्या हातावर ठेवलं.

"तुम्ही बघा. मला धीर नाही. कडू झालंय का?"

तोयोनं चावलं, डोळे बारीक केले. "गोड आहे. शी." तिनं उरलेलं अर्धं थुंकलं. "बाप कडू म्हणून पोर कडू असं काही दिसत नाही."

"आई, एक विचारू? तुम्हाला ठाऊक होतं का? तेव्हा, बांधावर उभ्या होतात तेव्हा?"

"ठाऊक असतं तर माझी बरणी मी रिकामी ठेवली असती?" तोयोनं हात बांधावरच्या एका रुंद पानाला पुसला. "दलदलीत मी कधी एकटं झुडूप बघितलं नाही, एवढंच. पण बघितलं नाही म्हणजे काय, ते कुणी विचारलं का मला? आणि विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं?"

एका झुडपानं दोनशे वीस झुडपांचं भागणार नव्हतं, शिवाय ते बिचारं आता खुंट होऊन उभं होतं. आणखी जाती हव्या होत्या, आणि त्या एकाच ठिकाणी होत्या. जुलैच्या पहिल्या रविवारी तिघं ट्रकनं युफुत्सुला गेली. दलदल उरली नव्हतीच म्हणायची. जिथं तोयो पोरपणी एकदा हरवली होती तिथं तेलाच्या टाक्या उभ्या होत्या. रस्ता आणि कालवा यांच्यामध्ये एक पट्टी शिल्लक होती, शंभर पावलं रुंद. किन्जी ट्रकपाशीच थांबला. "ही पट्टी माझ्या वाट्याला आली नाही," तो म्हणाला. ते सुटका झाल्यासारखं म्हणाला की दुसरं काही, ते नोबुएला कळलं नाही.

फळं पिकली होती. नोबुएनं नवी वही काढली, खुणेच्या फिती काढल्या आणि चाखायला लागली. पहिलं आंबट. दुसरं गोड, मागून कडू. तिसरं दुसऱ्यासारखंच, की जिभेवर दुसरंच रेंगाळत होतं? आणि आता चांगलं म्हणजे नेमकं कोणतं? गोड हवं तर ती सदतीस नंबरची जवळची बहीण निघायची आणि पुन्हा फळ धरायचं नाही. वेगळं हवं. पण वेगळं आहे हे चाखून कसं कळणार? पानावरून? फुलाच्या वेळेवरून? फुलं तर केव्हाच गळून गेली होती. ती अठराव्या झुडपापाशी पोचली तेव्हा वहीत एकच ओळ होती आणि तीही खोडलेली.

पलीकडे तोयो वाकून खात होती. ती काही लिहीत नव्हती.

"आई, कोणतं बांधू?"

"मला कडू आवडतं. मी सांगितलं तर तू भांडशील."

"नाही भांडत."

"मग हे. आणि ते कालव्याजवळचं. ते खा बघ एकदा."

नोबुएनं खाल्लं. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. तिनं निमूटपणे फीत बांधली. त्या दिवशी त्यांनी अकरा झुडपांना फिती बांधल्या: चार तोयोच्या पसंतीची, तीन नोबुएच्या, आणि चार का निवडली ते दोघींनाही सांगता आलं नसतं. ऑक्टोबरमध्ये किन्जीनं ती खणून आणली. तोयोनं आपला खुंट मात्र अंगणातून हलू दिला नाही. अकरातलं एक त्याच्या शेजारी लावून घेतलं. उरलेली दहा मळ्यात ओळीओळींत गेली.

तीन वर्षांनी मळ्यातून मिठाईवाल्याच्या पेट्या भरल्या. अकरापैकी एक मेलं आणि दोन अशी निघाली की त्यांच्या शेजारच्या झुडपांना आजही फळ धरत नाही. का, ते नोबुएला कळलेलं नाही. किन्जी म्हणतो, उपटून टाक. ती म्हणते, थांबा, अजून एक वर्ष बघू.